पहिल्या नंबरवरची गाडी

मागच्या रविवारी गोंदियाला बाइक रेस बघायला गेले होते... तेव्हापासून ती डोक्यातून जातच नाही. म्हणून लिहितेच आता.

आधी सांगून टाकते, मला या रेसचा भयंकर राग आहे. माझे धाकटे दीर, रवी भाऊजी, मोटोक्रॉसचे नॅशनल चॅम्पियन होते... मातीच्या उंच ढिगाऱ्यांवरून गाड्या उडवतात ना, ती रेस. अख्ख्या अर्जुनी मोरगावला त्यांचा अभिमान, आणि इकडे रेस असली की सासूबाई देवापुढून उठायच्या नाहीत.

मग त्यांना चक्कर यायला लागली. चालता चालता भिंत धरायचे. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली आणि भाऊजी मुकाट्याने घरची धानाची शेती बघायला लागले. कशानं झालं, कधी झालं विचारलं की विषय बदलायचे.

यंदा एका मोटारसायकल कंपनीचा फोन आला. कंपनीची स्वतःची रेसिंग टीम असते, तिचे प्रमुख व्हा म्हणून. मी ताडकन म्हटलं, "काऊन जाता जी तिथं? हाडं शिल्लक राहिली म्हणून?"

"मी थोडीच चालवून राहिलो, वहिनी. पोरं चालवतील," म्हणाले. पण चेहरा असा उजळला होता की पुढचं बोलणं मी गिळूनच टाकलं.

कंपनीनं आधीच सांगितलं होतं, हा सीझन बघू, मग पुढचं ठरवू. आणि सीझनची शेवटची रेस नेमकी गोंदियात! यश नावाचा त्यांचा कोल्हापूरचा रायडर जिंकला की टीम चॅम्पियन, आणि भाऊजींची खुर्ची पक्की. कंपनीचे मोठे साहेबही आले होते.

शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत जेसीबीनं ढिगारे रचलेले, पब्लिक मरणाचं, धूळ तर विचारूच नका. मी डबा घेऊन गेले होते, त्यामुळे दोरीच्या आत, अगदी भाऊजींच्या शेजारी खुर्ची मिळाली. वशिला म्हणतात तो हाच.

त्यांची एक पद्धत मला तिथंच कळली. प्रत्येक फेरीत गाडी समोरून जाते तेव्हा भाऊजी कितवा नंबर ते लिहिलेली पाटी दाखवतात, आणि रायडरनं ती वाचली म्हणून मान हलवायची म्हणजे हलवायचीच. मान हलली नाही तर गाडी बाहेर, मग तो पहिला असो का शेवटचा. मला हसूच आलं... म्हटलं, पोरांचे नंदीबैल करून टाकले की तुम्ही!

रेस सुरू झाली. यश सुसाट. पाटी दिसली की मान हलायची, आणि मी टाळ्या वाजवायची.

आणि पलीकडच्या वळणावर तो पडला. पण पोरगा लगेच उठला, गाडी उचलली आणि निघालासुद्धा! तेवढ्यात एक जण पुढे गेला होता, त्यालाही यशनं मागे टाकलं.

पब्लिक वेडं झालं... "पळव! पळव!" मीही खुर्चीवर उभी. राग-बिग सगळा विसरले, खोटं कशाला बोलू.

यश समोरून गेला. भाऊजींनी पाटी धरली. मान हलली नाही.

"सर, फोकस में है," मेकॅनिक म्हणाला. पुढच्या फेरीला भाऊजी पाटी घेऊन पार दोरीला चिकटून उभे राहिले... तरी मान हलली नाही. गाडी मात्र पहिल्या नंबरवर, एकदम झकास चाललेली.

भाऊजींनी पाटी टाकली आणि गाड्या थांबवणाऱ्या झेंडेवाल्याकडे धावत सुटले. "थांबवा त्याले! थांबवा!"

लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिव्या दिल्या. साहेब लाल होऊन धावत आले, "पागल हो गए क्या? जीत रहा है वो!" भाऊजींनी वळून पाहिलं नाही. आणि मी... मीपण ओरडलेच, "भाऊजी, जिंकून राहिला ना जी तो!"

यशला बाहेर आणलं, हेल्मेट काढलं. मला वाटलं आता हा पोरगा भाऊजींच्या अंगावर धावून जातो. पण तो हसला. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, रेस किती वाजता सुरू होणार आहे?"

साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

"होईल सुरू, तू बस," भाऊजी इतकं हळू म्हणाले, जसं ताप आलेल्या लेकराशी बोलतात. एका हातानं त्याची मान धरून ठेवली आणि डॉक्टरांना हाक मारली.

यश आता बरा आहे. डोक्याला मार होता, अजून एकदा पडला असता तर... जाऊ द्या, लिहवत नाही. ट्रॉफी दुसऱ्यांनी नेली. भाऊजींच्या नोकरीचं अजून काही कळलेलं नाही.

परत येताना गाडीत मी विचारलं, "एवढा मस्त चालवून राहिला होता... तुमाले खात्री कशी जी?"

भाऊजी म्हणाले, "मी माझी शेवटची रेस जिंकलो ना, वहिनी, त्यात असाच पडलो होतो. उठलो, चालवली. जिंकल्याचं मले आजही आठवत नाही."

"मग कोणी थांबवलं नाही तुमाले?"

"काऊन थांबवतील? जिंकून राहिलो होतो ना मी."

दीर वयानं लहान, म्हणून राहिलं... नाहीतर तिथंच गाडी थांबवून त्यांच्या पाया पडले असते.