आत्याच्या आमटीविरुद्ध एक पत्रक

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे घरात यायचे आणि घड्या घालायला मी बसायचे. शाळेत बाईंनी 'माझी आई' या विषयावर निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी सुरुवात 'बंधू-भगिनींनो' अशी केली होती आणि शेवटी आईच्या तीन मागण्या मांडल्या होत्या. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आई म्हणाली, "मागण्या बरोबर आहेत."

बाबांच्या पत्रकाचा साचा ठरलेला असे. वर ठळक मथळा, मग हाक, मग अन्यायाचं वर्णन, मग क्रमांक घातलेल्या मागण्या. तळाशी एक ओळ: वाचून झाल्यावर फेकू नये, दुसऱ्यास द्यावे. आणि त्याखाली बाबांचं पूर्ण नाव व पत्ता.

"खाली नाव नसेल तर तो नुसता कागद," ते सांगायचे. कारखान्यातली आतली माहिती त्यांना ज्यांच्याकडून मिळायची, त्यांना नाव देणं परवडणारं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवलं असतं. म्हणून बाबा म्हणायचे, "दुसऱ्याचं नाव झाकायचं असेल, तर आपलं मोठ्या टायपात छापावं लागतं." मी हे वाक्य कॉलेजच्या तिन्ही वर्षांत प्रत्येक भाषणात वापरलं आणि कधी बाबांचं नाव घेतलं नाही, हा भाग वेगळा.

तर, आमच्या पट्ट्यातल्या खवय्यांचा मोबाइलवर एक मोठा ग्रुप आहे. उल्हासनगरचे, अंबरनाथचे, बदलापूरचे, सगळे त्यात. दाल-पकवान उल्हासनगरच्या कुठल्या कॅम्पात चांगलं मिळतं यावरून सुरू झालेलं भांडण तिथे एकमेकांच्या आजोबांपर्यंत जातं. त्या ग्रुपात एक बटण आहे. ते दाबून लिहिलं की तुमचं नाव जातं आणि त्या जागी 'निनावी सदस्य' असं येतं, शेजारी एक करडा गोल चेहरा. सगळ्यांना तोच चेहरा. नाकडोळे नसलेला.

या ग्रुपावर एके दिवशी माझ्या आत्याविरुद्ध पोस्ट आली.

आत्या बाबांची थोरली बहीण. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला तिचं पोळीभाजी केंद्र आहे. कारखान्यातले कामगार, बँकेतले लोक, एकटे राहणारे म्हातारे, सगळ्यांना तिथून डबे जातात. आई उल्हासनगरच्या इस्पितळात नर्स, ती सकाळीच निघते, म्हणून आमच्याकडेही दुपारचा डबा आत्याचाच. केंद्रात पोळ्या लाटायला दोघी येतात. त्यातली एक नवऱ्याला सोडून मुलीसह वेगळी राहते, तिचं घर या लाटण्यावर चालतं.

पोस्टमध्ये म्हटलं होतं की शिवमंदिर रस्त्यावरच्या सुप्रसिद्ध पोळीभाजी केंद्राच्या आमटीत अलीकडे मीठ असह्य होत आहे. मला दिसलं ते एवढंच. पण तासाभरात करडे चेहरे जमले.

"मीठ सोडा, माझ्या भाजीत केस निघाला."

"केस? मला झुरळ मिळालं."

"फोटो आहे का?"

फोटोही आला. भातावर आडवं पडलेलं झुरळ. मी तो आत्याला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला.

"हे काय भांडं आहे? मी असलं प्लास्टिक चहाच्या गाळणीलासुद्धा वापरत नाही. आणि हा भात बघ, लांब दाण्याचा. मी कोलम घालते." मग पुन्हा एकदा पाहून म्हणाली, "झुरळ मात्र खात्यापित्या घरचं दिसतंय."

त्या गर्दीत एकाच माणसाने स्वतःच्या नावाने लिहिलं: "मी रोज तिथे जेवतो. मीठ जरा जास्त असतं, पण झुरळ वगैरे काही नाही." त्याच्यावर करडे चेहरे तुटून पडले. "जावई आला बघा." "साहेबांना डबा फुकट जातो वाटतं." "शेठ, कमिशन कितना?" आत्याला मूलबाळ नाही. तरी तो बिचारा दोन दिवस जावई म्हणून फिरला आणि मग ग्रुप सोडून गेला.

माझं रक्त तापलं. मी कॉमेंट लिहिली. मोठी लिहिली. 'ज्याला स्वतःच्या शब्दाखाली सही करता येत नाही, त्याने शब्द वापरू नयेत, खुणा कराव्यात. ज्या भ्याडाने ही पोस्ट टाकली आहे, त्याने समोर यावं. मी माझं नाव लिहिते आहे.' आणि लिहिलं.

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी ती कॉमेंट चष्म्याखालून वाचली.

"'भ्याड' जरा जास्त होतं का गं?"

"भ्याडाला दुसरा शब्द नाही, बाबा."

"नाही, जोर आहे. जोर आहे." त्यांनी अंगठा दाबून लाइक केलं आणि बिस्कीट चहात इतका वेळ धरलं की ते तुटून बुडालं.

इकडे डबे तुटायला लागले. बँकेतल्यांनी आधी "दोन दिवस घरचं आणतो" म्हटलं. मग एका वर्कशॉपचे सगळे डबे एकदम बंद झाले. कुणी कारण सांगेना. "उपवास चालू केलेत," "डॉक्टरने सांगितलंय," "गावाला चाललोय." ज्याला गावाला जायचं होतं तो आत्याला तिसऱ्या दिवशी भाजीबाजारात भेटला. "गाव जवळचंच दिसतंय," आत्या म्हणाली. आठवड्याच्या शेवटी ती ओट्याशी उभी राहून मला हळूच म्हणाली, "असंच चाललं तर दोघींपैकी एकीला पुढच्या महिन्यापासून नको म्हणावं लागेल. कुणाला म्हणू, तूच सांग."

मी घरी येऊन ठरवलं की त्या मूळ पोस्टला मुद्देसूद उत्तर लिहायचं. तोवर मी ती रागानेच वाचली होती, म्हणजे नीट वाचलीच नव्हती. आता एकेक ओळ घेतली.

'खवय्ये बंधू-भगिनींनो!' अशी सुरुवात होती. मग अन्यायाचं वर्णन. मग मागण्या. एक, आमटीतील मीठ तात्काळ कमी करण्यात यावे. दोन, भाजीतील सोडा बंद करावा. तीन, गुरुवारचे दुधी भोपळ्याचे धोरण मागे घ्यावे. मागण्या मान्य न झाल्यास पुढील पाऊल उचलणे भाग पडेल. आणि सर्वांत खाली: वाचून झाल्यावर फेकू नये, दुसऱ्यास द्यावे.

मोबाइलवरची पोस्ट वाचून कोण काय फेकणार होतं?

बाबा आतल्या खोलीत जेवत होते. आमटीच्या वाटीत ते पाणी घालत होते, चोरून, जसं कुणी दूधवाला घालेल.

"बाबा, गुरुवारचं धोरण म्हणजे काय हो?"

त्यांचा हात थांबला. वाटी काठोकाठ भरली होती.

"तुला कळलं?"

"मी तुमच्या पत्रकांच्या घड्या घालून मोठी झालेय."

"तुम्ही," मी पुढे म्हणाले, आणि माझा आवाज भाषणातल्यासारखा चढला, "तुम्ही मॅनेजरच्या केबिनसमोर उभं राहून स्वतःचं पत्रक वाचून दाखवलंत. पोलीस आले तेव्हा पत्ता स्वतः सांगितलात. आणि आमटीसाठी बटण दाबलंत?"

"गुप्त मतदान हा लोकशाहीचा पाया आहे," बाबा म्हणाले.

"बाबा!"

"मॅनेजर वेगळा," ते वाटीकडे बघत म्हणाले. "मॅनेजरने मला भरवलं नव्हतं. आई गेली तेव्हा मी एवढासा होतो. हिने मला घास घालून वाढवला. तिला कुठल्या तोंडाने सांगू, की ताई, मीठ जास्त झालंय?"

"म्हणून अख्ख्या अंबरनाथला सांगितलंत?"

"मला वाटलं ती वाचेल आणि सुधारेल. कुणी लिहिलं ते कळणार नाही. ती झुरळं माझी नाहीत गं. मी मीठ, सोडा आणि दुधी, एवढ्याबद्दलच लिहिलं होतं."

ते खरं होतं. बाबांनी दार किंचित उघडलं होतं आणि आत शिरले दुसरेच. पण दार उघडणाऱ्याचं नाव तिथे नव्हतं, म्हणून शिरणाऱ्यांनाही आपलं नाव सांगावं लागलं नाही. बाबांनी पोस्ट काढून टाकायची तयारी दाखवली. मी म्हटलं, काढून काय होणार, झुरळाचा फोटो बदलापूरच्या सोसायट्यांमधून फिरतो आहे. वाटलेलं पत्रक परत गोळा करता येत नाही, हेही बाबांचंच वाक्य. ते जेवण अर्धं टाकून उठले आणि त्यांनी शर्ट घातला.

आम्ही उल्हासनगरला गेलो, बाबांच्या जुन्या छपाईवाल्याकडे. सिंधी गृहस्थ, बाबांच्याच वयाचे. आता ते लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स छापतात. बाबांना पाहून ते उठून उभे राहिले.

"साईं! हड़ताल है क्या?"

"नाही. माफीनामा आहे."

"कंपनीने माफी मांगी?"

"मीच मागतोय."

छपाईवाल्यांनी कागद वाचला, एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "आमटीसाठी पर्चा," ते म्हणाले. "तीस साल से छापता हूँ, दादा, ऐसा केस नहीं आया. कागद कौनसा? पिवळा?"

"पिवळा."

"और नीचे नाम?"

"मोठ्या टायपात," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या शाईचा वास येणारा गठ्ठा काखेत मारून बाबा आत्याच्या केंद्रावर पोचले. मी मागे होते. पत्रक प्रत्येक डब्यात घालायचं, उरलेली मंदिराच्या रस्त्यावर आणि स्टेशनबाहेर वाटायची, असा बेत होता. पण डबे आत्याचे, म्हणजे आधी आत्याला सांगणं आलं. बाबा उंबऱ्यातच उभे राहिले. मॅनेजरच्या केबिनसमोरही त्यांना इतका घाम आला नसावा.

"काय रे ए पुढारी," आत्या कणीक मळता मळता म्हणाली, "आज इकडे मोर्चा?"

बाबांनी पत्रक पुढे केलं. आत्याचे हात पिठात होते. "वाच गं," तिने लाटणाऱ्या दोघींपैकी मुलीसह वेगळ्या राहणाऱ्या त्या एकीला सांगितलं. तिने लाटणं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि मोठ्याने वाचायला लागली.

'जाहीर कबुली. खवय्ये बंधू-भगिनींनो! या केंद्राच्या आमटीत मीठ जास्त आहे असे निनावी लिहिणारा मीच. ते खरे आहे. केस, झुरळ व इतर सर्व आरोप खोटे आहेत, आणि ते करण्यास वाव मिळाला तो मी नाव न लिहिल्यामुळे. मी या केंद्राच्या मालकिणीचा धाकटा भाऊ आहे. लहानपणापासून तिच्या हातचे जेवत आलो आहे व पुढेही जेवणार आहे. तक्रार असल्यास तिला तोंडावर सांगावी. स्वयंपाकघर कधीही येऊन पाहावे. वाचून झाल्यावर फेकू नये, दुसऱ्यास द्यावे.'

खाली नाव आणि पत्ता होता. तोही तिने वाचला, पिनकोडसकट.

तव्यावरची पोळी जळाल्याचा वास आला.

"मीठ खरंच जास्त होतं?" आत्याने विचारलं.

"थोडं."

"थोडं म्हणजे?"

"मी पाणी घालून जेवायचो, ताई."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

आत्या हात तसेच धरून स्टुलावर बसली. "दिवाळीतच डॉक्टरने माझं मीठ बंद केलं," ती म्हणाली. "तेव्हापासून मी चव घेत नाही. अंदाजाने टाकते. तोंडात घातलं तर मोह होतो." मग तिने त्या दोघींकडे पाहिलं. "तुम्ही पण इथंच जेवता ना? तुम्ही का नाही बोललात?"

दोघी खाली बघायला लागल्या. वाचणारी पुटपुटली, "काकू, आम्हाला वाटलं तुमच्याकडची पद्धत असेल."

मला बोलायची फार इच्छा झाली. निनावीपणा, विश्वास, समाज, सगळं जिभेवर होतं. इतकी माणसं, त्यात मीही, दिवाळीपासून रोज ते मीठ गिळत होती. तोंडावर सगळी 'छान, छान', आणि करडा चेहरा मिळताच झुरळापर्यंत गेली. पण आत्याने माझ्याकडे बघून बोट उचललं. "तू भाषण करू नकोस. जळकी पोळी उतरव."

मग ती बाबांकडे वळली. मूळ पोस्ट तिला पाठ झालेली दिसत होती. "मागणी एक मान्य. दोन, सोडा मी घालतच नाही, तुझं पोट बिघडलंय. तीन फेटाळली. दुधी तब्येतीला चांगला."

पत्रकं तिने स्वतः डब्यांत घातली, वरच्या पुडात, पोळ्यांवर. उरलेली बाबांनी आणि मी वाटली. कुणीतरी त्याचा फोटो ग्रुपावर टाकला आणि तो झुरळापेक्षा लांब गेला. बाबांच्या त्या शेवटच्या ओळीप्रमाणे लोक खरोखर वागले, असं मी पहिल्यांदा पाहिलं. पुढच्या काही दिवसांत वर्कशॉपवाले परत आले, त्यातले दोघे तर आधी स्वयंपाकघर बघायला आले आणि जेवूनच गेले. बँकेतल्यांपैकी निम्मे आले, उरलेले अजून घरचंच आणतात. लाटायला दोघीही आहेत. करड्या चेहऱ्यांपैकी मात्र एकानेही माफी मागितली नाही. ते आता बदलापूरच्या एका वडेवाल्याच्या मागे लागले आहेत. मी तिथेही नावानिशी भांडते आहे.

आणि बाबांना आत्याने शिक्षा दिली आहे. रोज सकाळी डबे भरायच्या आधी येऊन चव बघायची. ते जातात, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आत्या पळीभर आमटी त्यांच्या तळहातावर ओतते आणि कमरेवर हात ठेवून उभी राहते.

"बोल."

"छान आहे, ताई."

"खरं सांग. नाहीतर जा, बटण दाबून ये."

बाबा पुन्हा एकदा जीभ लावतात, डोळे मिटतात, आणि आयुष्यात प्रथमच मथळा, हाक आणि प्रस्तावना गाळून थेट मागणीवर येतात.

"मीठ किंचित कमी हवं."