अकरावी-बीची सातवी ओळ

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये हसलात तर मी उठून जाईन. आधीच डोकं फिरलंय. महिना झाला या गोष्टीला, पण अजून आठवलं की कानशिलं तापतात. आणि राग कोणावर काढायचा, तेच कळत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा त्रास!

मी नोएडाच्या एका शाळेत गणित शिकवते, हे तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षं. दिल्लीतल्या मयूर विहारहून रोज मेट्रोनं जाते आणि शाळेच्या गेटपाशी पोचले की पोरं आपोआप रांगेत उभी राहतात. मला काही बोलावं लागत नाही. नुसती पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली तरी पुरतं.

तर आमच्या कॉम्प्युटरच्या निधी मॅम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. प्रिन्सिपॉल सरांनी मला बोलावलं. गोड बोलायला लागले तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

"मॅम, आप तो मैथ्स की हैं। प्रोग्रामिंग भी तो लॉजिक ही है। दो-तीन महीने की बात है।"

"सर, मला ती प्रोग्रामिंगची जावा भाषा येत नाही," असं म्हणायचं होतं. पण आपला स्वभाव! मी म्हणाले, "बिल्कुल सर, क्यों नहीं। एम.एस्सी. में सी प्लस प्लस किया है मैंने।"

केलं होतं, खोटं नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात, आठ जणांत एक कॉम्प्युटर. त्यात माझी पाळी यायची तेव्हा लाइट जायची.

पण शिकवणं म्हणजे शिकवणं हो! दोन रविवार पुस्तक वाचलं आणि शुक्रवारी अकरावी-बीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. विषय होता ऑब्जेक्टचा अ‍ॅरे. म्हणजे काय, तर एकाच नावाखाली पाच विद्यार्थ्यांची माहिती ठेवायची, प्रत्येकाचं नाव आणि मार्क. शाळेनं भिंतीवर स्मार्टबोर्ड लावलाय, मी त्याला हातसुद्धा लावत नाही. खडू घेतला आणि मोत्यासारख्या अक्षरात पूर्ण प्रोग्राम फळ्यावर काढला. सातव्या ओळीशी आले. मोठ्यांदा म्हणत लिहिलं, "स्टुडंट, एस, चौकोनी कंस में पाँच, सेमीकोलन. हो गए पाँच स्टुडंट तैयार!"

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची सई जाधव उभी राहिली. शांत मुलगी, वडील फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. "मॅम, वो सातवीं लाइन में..."

"पहले उतारो। डाउट बाद में।"

बसली बिचारी. बाद में कधी आलंच नाही, कारण घंटा झाली.

सोमवारी प्रॅक्टिकल. बत्तीस पोरं, बत्तीस कॉम्प्युटर. दहा मिनिटांत एक हात वर. "मॅम, एरर आ रहा है।" मग दुसरा. मग सगळी लॅब! मी काय म्हणाले? "अपनी गलती खुद ढूँढो। बनी-बनाई खाने की आदत पड़ गई है तुम लोगों को!"

मग हात मागे बांधून फेरी मारली. पहिल्या पोराच्या स्क्रीनवर लाल अक्षरं: ओळ सात, कंस बंद करा. दुसऱ्याच्या: ओळ सात, कंस बंद करा. तिसऱ्याच्या, चौथ्याच्या, दहाव्याच्या, विसाव्याच्या! तीच ओळ, तोच कंस, तीच बोंब!

आता तुम्हीच सांगा. बावीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला एकतीस जणांची एकच चूक दिसली, तर तिच्या मनात काय येईल? कॉपी! दुसरं काय? अहो, इन्व्हिजिलेटरचा पहिला नियमच तो. बरोबर उत्तर सगळ्यांचं एकसारखं असू शकतं, पण चूक एकसारखी आली की कोणीतरी कोणाचं तरी बघितलंय!

"किसने किया है ये?" मी टेबलावर डस्टर आपटला. लॅबमध्ये डस्टर कुठून आला, मला विचारू नका, माझ्याजवळ असतो.

एकतीस माना खाली.

"किसका देखकर लिखा? बोलो! अमन, तू बोल, किससे कॉपी किया?"

अमन नावाचा तो लांबुडका पोरगा माझ्याकडे बघायला लागला. नुसता बघतोय! मी म्हटलं, "मेरी शक्ल पे लिखा है क्या?" त्यानं मान खाली घातली. त्याची काय चूक? तो उत्तरच देत होता की!

आणि मग माझी नजर गेली सईच्या स्क्रीनवर. तिचा प्रोग्राम चालला होता. पाच नावं, पाच मार्क, ओळीनं. एकही लाल अक्षर नाही.

झालं! माझ्या डोक्यात दिवाच पेटला. सगळ्यांचं चुकलं आणि हिचंच बरोबर? म्हणजे या बाईसाहेबांनीच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चुकीचं टाकलं आणि बरोबर तेवढं स्वतःजवळ ठेवलं! का? तर दोन आठवड्यांनी शाळाशाळांमधली प्रोग्रामिंगची स्पर्धा होती. आमच्या शाळेतून दोघं जाणार होते, त्यात सईचं नाव पहिलं. मागच्या वर्षी ऐन स्पर्धेच्या आधी वडिलांची बदली झाली म्हणून तिचं हुकलं होतं, यंदा ती वर्षभर त्याचीच तयारी करत होती.

"तुझे पता था कि सातवीं लाइन गलत है?"

"जी मॅम।"

"फिर भी सबको वही लिखने दिया?"

ती गप्प. गप्प म्हणजे कबूल, एवढा सोपा हिशोब. मी तिथल्या तिथे स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव खोडलं. एकतीस डायऱ्यांत शेरा लिहिला, "आपका बच्चा प्रैक्टिकल में नक़ल करते हुए पाया गया।" सईच्या डायरीत वेगळा, जास्त कडक, आणि वडिलांना दुसऱ्या दिवशी शाळेत हजर राहण्याचं फर्मान. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर ते पाणीसुद्धा नाटक वाटलं. आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

घरी येऊन ह्यांना सगळं तावातावानं सांगितलं. हे बँकेत आहेत, थंड डोक्याचे. चहा ढवळत म्हणाले, "अगं, पण तू तो प्रोग्राम स्वतः चालवून बघितला होतास का?"

"मी फळ्यावर लिहिला होता!"

"हो, पण चालवून?"

"अहो, फळ्यावर कधी एरर येतो का?"

ह्यांनी चहाचा घोट घेतला आणि खिडकीबाहेर बघितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली की माणसाला कुठं थांबायचं ते कळतं.

दुसऱ्या दिवशी सुभेदार जाधव आले. कडक इस्त्री, ताठ कणा, पोरगी बाजूला उभी. प्रिन्सिपॉल सर मध्ये. जाधव मराठीतच बोलले, हळू आवाजात.

"बाई, पोरीनं चूक केली असंल तर शिक्षा करा. मी एक शब्द बोलणार नाही. फक्त चूक काय केली, ती मला एकदा दाखवा."

"दाखवते ना! आत्ता दाखवते! चला लॅबमध्ये, सर, आप भी चलिए!"

बघितलंत? कोणी ढकललं मला? कोणी नाही! स्वतःच्या पायांनी गेले! लॅबमध्ये नेमकी अकरावी-बी बसलेली. मी मोठा पडदा सुरू करायला लावला, पदर खोचला आणि म्हणाले, "देखिए सर, सही प्रोग्राम ये होता है।" आणि शुक्रवारी फळ्यावर लिहिलेलं जसंच्या तसं टाइप केलं. तोंडानं म्हणत म्हणत. "स्टुडंट, एस, चौकोनी कंस में पाँच, सेमीकोलन।"

बटण दाबलं.

पडदाभर लाल. ओळ सात, कंस बंद करा.

"कंस आहे की!" मी पडद्यावर ओरडले. "डोळे फुटलेत का याचे?"

म्हटलं, हवाय ना कंस? घे! आणखी एक कंस घातला. एका एररचे तीन झाले. पाच बाहेर काढला, कंस मागं नेला. सहा झाले. सेमीकोलन काढला, नऊ! मी जितकी दुरुस्ती करीन तितका तो पडदा लाल होत चालला. मागं एकतीस पोरं चिडीचूप, प्रिन्सिपॉल सर चष्मा पुसतायत, सुभेदार सावधान उभे.

"ये मशीन ख़राब है!" मी जाहीर केलं. "दूसरी दो!"

दुसऱ्या मशीनवरही ओळ सात.

तेव्हा प्रिन्सिपॉल सर हळूच म्हणाले, "सई बेटा, ज़रा तुम देखो।"

सई आली. आधी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅम, मैं करूँ?" मी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मलाही माहीत नाही. तिनं सातवी ओळ बदलली, खाली दोन ओळी घातल्या आणि समजावून सांगितलं. माझ्या जुन्या भाषेत पाच विद्यार्थी मागितले की पाचही हजर होतात. जावामध्ये तसं चालत नाही. नाव सांगताना आकडा घालायचा नाही, कंस रिकामा ठेवायचा. मग पाच रिकाम्या खुर्च्या वेगळ्या मागवायच्या. आणि मग एकेका विद्यार्थ्याला बोलावून एकेका खुर्चीवर बसवायचं. तिनं बटण दाबलं. पाच नावं, पाच मार्क.

एकतीस पोरांनी कोणाचं बघून लिहिलं होतं, ते आता लॅबमधल्या पंख्यालासुद्धा कळलं होतं.

"अगं, मग तू सांगितलं का नाहीस?" मी मराठीत विचारलं. आवाज चढलेलाच होता, दुसरा आवाज मला येतच नाही.

तिच्याऐवजी सुभेदार बोलले. "बाई, मी पण काल रात्री जेवताना हेच विचारलं. म्हणाली, पप्पा, सगळ्यांसमोर मॅमची चूक कशी दाखवू? म्हणून मीच तिला ओरडलो. मला वाटलं, पोरगी खोटं बोलतीय."

मी तिथंच यादी मागवली, सईचं नाव पुन्हा लिहिलं, पहिल्या नंबरवर, खाली सही केली. तिच्या डायरीतल्या शेऱ्यावर काट मारली आणि सुभेदारांसमोर तिला म्हणाले, "चुकले गं मी." बावीस वर्षांत पहिल्यांदा.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण नाही! राहिले होते एकतीस शेरे. म्हटलं, माफी मागायची तर पूर्ण मागू, प्रत्येक घरी पोचली पाहिजे. एकतीस डायऱ्या हातानं कोण लिहीत बसणार? वर्गात जाऊन फळ्यावर लिहिलं, मोत्यासारख्या अक्षरात:

"प्रैक्टिकल में जो हुआ, उसमें पूरी गलती मेरी थी। मैंने बिना जाँचे लिख दिया और दोष दूसरों पर डाला। मुझे माफ़ कीजिए। आगे से ऐसा नहीं होगा।"

"सब अपनी-अपनी डायरी में उतारो। सई, तू भी. कल पेरेंट्स का साइन चाहिए।"

बत्तीस जणांनी मुकाट्यानं उतरवून घेतलं. खाली माझं नाव? फळ्यावर स्वतःचं नाव कोण लिहितं हो!

दुसऱ्या दिवशी डायऱ्या आल्या. पहिली उघडली, अमनची. वर माझा शेरा, नक़ल करते हुए पाया गया. त्याच्या खाली अमनच्या अक्षरात, पूरी गलती मेरी थी, मुझे माफ़ कीजिए. आणि त्याखाली त्याच्या वडिलांचं उत्तर: "बच्चे ने खुद मान लिया, अच्छा लगा। एक महीने के लिए फ़ोन ले लिया है। मॅम का धन्यवाद।"

दुसरी डायरी, क्रिकेट बंद. तिसरी, मामाकडे जाणं रद्द. चौथ्याच्या आईनं लिहिलं होतं की अशी शिक्षिका सगळ्यांना मिळो. एकतीस पोरांनी माझा गुन्हा आपल्या अक्षरात, आपापल्या आईबापांसमोर कबूल करून टाकला होता!

बत्तिसावी डायरी सईची. तिनं सगळ्यात वर एक ओळ जास्तीची लिहिली होती: "यह मॅम ने अपनी ओर से लिखवाया है।"

माझा पारा पुन्हा चढला. स्वभाव जातो का कुठे? "सई, खड़ी हो! तुझे समझ में आ गया था, तो बाकी सबको क्यों नहीं बताया?"

सई उभी राहिली, अगदी नम्रपणे.

"मॅम, फिर तो कॉपी हो जाती ना।"