लाल दोऱ्याची डबी

यमे, अशी जवळ ये आणि आधी तो हात पदराबाहेर काढ. तू पत्रात लपवलंस तरी तुझी आई कळवतेच मला. दोन महिने झाले हाताला इसब उठून, आणि आत्याला एक शब्द नाही! आता लिहितेस काय, तर मुंबईहून जिनसेंगच्या मुळीचं मलम आणवलंय, लावू का? थांब. डबी उघडू नकोस. आधी माझ्या अमीनाखालाचं ऐक. मी बोलते तशीच लिहिते. तू ऐकतेस तशी वाच.

अमरावतीला आमच्या घरामागच्या गल्लीत या मानलेल्या मावशीचं झाडपाल्याच्या औषधांचं दुकान होतं. नवरा अत्तार होता. तो गेल्यावर तीच गादीवर बसायची. कुणी औषध मागितलं की खाला आधी स्वतःची डावी बाही कोपरापर्यंत सारायची. त्या हातावर कुठे तांबडा चट्टा, कुठे काळपट ठिपका, कुठे सोललेली कातडी. नवं औषध आलं की पंधरा दिवस स्वतःला लावायचं, मगच गिऱ्हाइकाला द्यायचं, हा तिचा नेम. म्हणायची, "पयले माहा हात, मंग तुहा." एकदा बिब्ब्याच्या कसल्याशा तेलानं तो हात दुधीभोपळ्यासारखा सुजला, तर समोरच्या बाईला म्हणते कशी, "घे, पाहून घे फुकटात. बांधून देऊ का?"

ते दिवस कापसाचे. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाचा भाव गगनाला भिडला. बैलांच्या शिंगांवरच्या पितळी शेंब्या चांदीच्या झाल्या. घराघरांत बाया रेचा फिरवून सरकी काढत बसायच्या. मीही बसायची, तेरा वर्षांची. त्याच हंगामात माझे दोन्ही हात खवल्याखवल्यांनी भरले, चिरा पडल्या, खाज सुटली. अकोल्याहून माझी सासू महिन्याभरात मला न्यायला येणार होती. आईला धास्ती एकच: हे हात पाहून बाई नको तो रोग समजेल आणि पोरीला न घेताच उंबऱ्यातून परत जाईल.

नेमका तेव्हाच मुंबईचा एक कापसाचा शेठ खालाकडे चीनकडची एक मुळी, तुझी ती जिनसेंगच, घेऊन आला. अगदी माणसाच्या आकाराची, दोन हात, दोन पाय. कातडीवर रामबाण म्हणे. "अमीनाबी, तुम्ही नुसतं हो म्हणा. पेट्याच्या पेट्या आणवतो, अख्खं वऱ्हाड घेईल."

"म्हनीन ना," खाला म्हणाली, "पन पाहून म्हनीन."

पंधरा दिवस तिनं स्वतःच्या हातावर मुळी घासली. मग दोन डब्या केल्या. लाल दोऱ्याच्या डबीत तिळाचं तेल, मेण आणि मुळी. पांढऱ्या दोऱ्याच्या डबीत नुसतं तेल न् मेण. "गोदे, लाल उजव्या हाताले, पांढरी डाव्याले. आदलाबदल करशीन नोको. तुह्या हातावरूनच मले समजन, मुळीत गुन हाय का तेलात."

आणि मी काय केलं? चारच दिवसांत उजवा हात जरा मऊ वाटला, आणि मला धीर धरवेना. सासू येणार दोन्ही हात बघायला. डाव्यानं काय पाप केलंय? मी लाल डबीच दोन्ही हातांना चोळत सुटले. पांढरी भरलेली राहिली तर चोरी उघडी पडेल, म्हणून ती आमच्या गोऱ्ह्याच्या मानेला फासून टाकली. लाल लवकर संपली, तेव्हा पुन्हा मागायला गेले. खालानं रिकाम्या डबीत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि उरलीसुरली मुळी वाटून डबी भरून दिली.

सासू आली तोवर दोन्ही हात स्वच्छ. आईच्या आनंदाला पारावार नाही. सासूला घेऊन थेट खालाच्या दुकानी, ओटी भरायचं सामान आणायला. तिथे शेठ आधीच बसलेला, मुळीचा निकाल ऐकायला चार माणसं जमवून.

"बोला अमीनाबी, पोरीचे हात तर झाले बरे!"

खालानं माझे हात उलटेपालटे करून पाहिले.

"हात बरे झाले," ती म्हणाली, "पन कायनं झाले थे मले सांगता येत नाई. माह्याच हातून डब्ब्याचे दोरे उलटसुलट झाले, शेठजी. चूक माही हाय."

शेठ खो खो हसला. "जन्म गेला दुकानात, आणि डबी ओळखू येत नाही?" जमलेले हसले. माझी सासूही हसली. मी मान खाली घालून उभी. तोंड उघडलंच नाही, यमे. पुढे कितीतरी दिवस लोक औषध घेताना तिला चिडवायचे, "खाला, दोरा पाहून बांध वं!"

वर्षानं माहेरी आले तेव्हा पहिली तिच्याकडे गेले आणि रडत रडत सगळं सांगितलं. तिनं बाजूचं सुपारीचं तबक माझ्यापुढे सरकवलं.

"मले तवाच समजलं होतं वं. तुह्या गोऱ्ह्याची मान कशी चमकून रायली होती!"

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुही सासू सामने बसली होती. लोकं मले चार दिवस हासतीन. तुले जन्म काढाचा होता थ्या घरात." मग म्हणाली, "राग नाई आला बेटी. पन एकच मुळी होती. समजलंच नाई मले, गुन कायचा होता." एवढं बोलून ती आपल्या हाताकडे बघत राहिली. तिचा तो चेहरा मला शेठच्या हसण्यापेक्षा जास्त लागला.

शेठ पुन्हा फिरकला नाही, मुळीही नाही. खाला गेली तेव्हा मी अकोल्याला बाळंतिणीच्या खाटेवर होते. शेवटचं पाहणंही झालं नाही.

म्हणून म्हणते, तुझं ते मलम चांगलं की वाईट, मला ठाऊक नाही. ठाऊक होण्याची एक वेळ मीच घालवली. आता तू ये. डबी तशीच बंद आण. तिळाचं तेल आणि मेण माझ्याकडे आहे, दोरे मी काढून ठेवलेत, आणि गोठ्यात आता गोऱ्हा नाही. आधी पंधरा दिवस माझा हात, मग तुझा. वाट पाहते, लवकर ये.