आधी समोरच्याचं

नळदुर्गच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत गेलं की माझी शाळा. मास्तर कमी आणि तास जास्त, त्यामुळं नववीला नागरिकशास्त्र-भूगोल शिकवणारी मीच आणि इंग्रजीची बाईही मीच. पोरं इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणून दाखवायची, पण "तुझं गाव कुठं आहे?" एवढं इंग्रजीत विचारलं की दातखीळ बसायची. एक दिवस माझं डोकंच फिरलं. म्हटलं, उद्यापासून नागरिकशास्त्र इंग्रजीत!

आणि काय मजा आली म्हणून सांगू! मी नियम केला एकच. भांडा, खुशाल भांडा, पण आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं आणि मग आपलं. 'ही सेज' आणि 'आय से', एवढ्या दोन चाकांवर आमची गाडी सुटली. सोसायटीनं खत आणावं की चारा, यावर एकदा पूर्ण तास गेला. "ही सेज फर्टिलायझर. आय से फॉडर. नो रेन, व्हॉट फर्टिलायझर?" व्याकरणाचा पार भुगा व्हायचा, पण पोरं बोलत होती हो! मला घरी गेल्यावरही चैन पडायची नाही, उद्या कशावर भांडायचं याचाच विचार.

सोसायटीचे चेअरमन मात्र टिंगल करायचे. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. "बाई, तुमी तरी कधी सायबासंगं बोललाव का? आडातच न्हाय, तर पोहऱ्यात कुठनं येणार?" मी हसून सोडून द्यायची, पण आतून अशी पेटायची की बस्स.

आडाचंही खरंच होतं. बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढावी असा तो उन्हाळा होता. देवळापुढच्या गावच्या आडात तळाला गढूळ पाणी, आणि त्यातही बौद्धवाड्यातल्या बायांना पोहरा टाकायची मुभा नव्हती. कुणी तरी येऊन त्यांच्या घागरीत वरून ओतेपर्यंत बाजूला ताटकळायचं. माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच वाड्यातली. तिची आई दिवसभर रोजगार हमीवर खडी फोडायची आणि संध्याकाळी आडापाशी येऊन उभी राहायची. मुलगी चणीनं लहान, आवाजही बारीक. पण माझा नियम तिच्याइतका कुणी पाळला नाही. समोरच्याची बाजू ती इतकी चोख मांडायची की समोरचाच चाट पडायचा.

मग बातमी आली, सरकारी बोअर मंजूर! पाणी बघणारे साहेब येऊन गेले, सगळं शिवार हिंडले आणि बौद्धवाड्याच्या कडेला, ओढ्याच्या काठी चुन्याची खूण करून गेले. त्या दिवशी मुलगी वर्गात सारखी खिडकीतून तिकडंच बघत होती. मी रागावले नाही.

बोअरची गाडी आली ती शाळा भरायच्या वेळेला. एवढं धूड गावानं कधी पाहिलं नव्हतं. शाळा कसली भरतेय! मी आणि माझा अख्खा वर्ग धावत सुटलो. गाडीवरचे सगळे लुंगीवाले, थेट मद्रासकडचे. त्यांना ना मराठी येत होती ना हिंदी. बरोबर यायचा सरकारी माणूस तुळजापुरातच अडकलेला. गाडी देवळापुढं थांबलेली आणि चेअरमन जमिनीवर काठी आपटून सांगत होते, "हितं! हितं पाडा!" गाडीवरचा मेस्त्री मान हलवून विचारत होता, "व्हेअर? व्हेअर मार्क?"

मला बघताच चेअरमन म्हणाले, "बरं झालं आलाव, बाई. सांगा त्याला, हितंच पाडा म्हणावं. देऊळ सगळ्या गावाचं हाय."

सगळ्या गावाचं! मी म्हटलं, "मी कशाला? माझा वर्ग सांगतो की!" आणि त्यांच्याच मुलाला पुढं ढकललं. तो बिचारा घामानं निथळला. "दिस इज... दिस इज..." पुढं गाडी हलेना. लोक हसायला लागले. तेवढ्यात माझ्या बाजूनं ती बारकी पुढं सरकली. अगं बाई, इथं देवळापुढं, सगळ्या गावादेखत?

ती मेस्त्रीसमोर वर्गात उभी राहते तशी हात मागं बांधून उभी राहिली. "ही सेज, ड्रिल हिअर. ही सेज, टेंपल इज फॉर ऑल पीपल." मग ओढ्याकडं मान वळवली. "गव्हर्न्मेंट मार्क इज देअर. निअर रिव्हर. आय से, देअर. माय मदर कॅनॉट टेक वॉटर हिअर."

मेस्त्रीनं एकदा चेअरमनकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "मार्क देअर? देन ओन्ली देअर," म्हणाला, आणि गाडीवर चढला. गाडी वळली. चेअरमन "अरे, अरे, कुठं निघालास?" म्हणत मागं, त्यांच्या मागं गाव आणि सगळ्यात पुढं माझी पोरं.

दुपार टळेपर्यंत नुसता धुरळा. पाणी नाही लागलं तर या पोरीचं काय करतील? तिची आई खडीचं काम टाकून आलेली, लेकीचं मनगट घट्ट धरून उभी. आणि एकाएकी धुरळ्याचा चिखल झाला, चिखलाचं पाणी झालं आणि ते पाणी फसाफसा झाडाच्या वर उडालं! काय आरडाओरडा! पोरं चिखलात लोळली. मेस्त्री हसत होता. मी तर पदर खोचून चक्क नाचले, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. तिच्या आईनं आधी ओंजळ भरून घेतली आणि स्वतःच्या हातानं तोंडावर मारली.

चेअरमनही नखशिखांत भिजलेले. फेटा पिळत पिळत ते तिच्यापाशी आले. आईनं लेकीला मागं ओढलं.

"काय गं पोरी," ते म्हणाले, "म्या हितं म्हनलो आन् गाडी तिकडं वळली. त्या मेस्त्रीला सांगितलंस तरी काय?"

तिनं आईचा हात सोडवला आणि दोन्ही हात मागं बांधले.

"आबा, पयलं तुमचंच सांगितलं."

"आन् मग?"

"मग आमचं."