खिशातला कांदा आणि बाबांची नाडी

मे महिन्यात आमच्या घरी सगळ्या रोगांचं निदान एकच असतं: ऊन लागलं.

त्यामुळे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे माझे बाबा चालता चालता भिंत धरून उभे राहिले, तेव्हा मी तत्काळ त्यांच्या खिशात कांदा कोंबला. (नागपुरात उन्हाळ्यात खिसा रिकामा चालतो, बिनकांद्याचा नाही!)

"चक्कर येऊन राहिली गा," बाबा म्हणाले.

"ऊन लागलं बाबा! पन्हं घ्या."

दोन पेले पन्हं झालं, दुसऱ्या खिशात दुसरा कांदा गेला, तरी चक्कर हटेना. शेवटी बायकोने बीपीचं मशीन लावलं. नाडीचा आकडा आला चाळीस!

"अहो, हे लय कमी आहे न?" ती घाबरली.

मी मोबाईलवर शोधलं, पहिलं वाक्य वाचलं आणि ओरडलो, "अवं, मोठ्या खेळाडूंची नाडी अशीच मंद असते!" (दुसरं वाक्य वाचायची आमच्या घराण्यात पद्धत नाही.) लगेच गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांनाही सांगितलं. आत वळलो, तर आमचे खेळाडू सोफ्यावर आडवे!

"खेळाडू गेले खड्ड्यात!" बायको कडाडली. "मामंजीले दवाखान्यात न्या पहिले!"

तिथेही मी खेळाडूंचा मुद्दा मांडलाच. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी पाहत विचारलं, "आजोबा, कोणता खेळ खेळता?"

"कॅरम," बाबा म्हणाले. "तेबी बसून."

डॉक्टर हसले नाहीत. "या वयात मंद नाडीसोबत चक्कर असेल, तर तपासायलाच हवं. यांच्या हृदयातली वीज अडखळते आहे. पेसमेकर बसवावा लागेल. घरी कांद्यावर ठेवलं असतं तर..." खरं सांगतो, मी तिथेच रडलो.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले बाबा मात्र माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "रडतं काहून? जिंदगीभर लोकायची लाईन चालू ठेवली गा, अन् फॉल्ट निघाला घरच्याच वायरीत!"

पेसमेकर बसला. आता बाबा रोज सकाळी फिरायला जातात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला मी मागून जातो. परवा तिसऱ्याच चौकात मला धाप लागली आणि मी खांब धरून उभा राहिलो. बाबा परत आले, माझी नाडी पाहिली, मग स्वतःच्या खिशातला कांदा काढून माझ्या खिशात घातला.

"ऊन लागलं तुले."

डिसेंबर होता. सकाळचे सहा वाजले होते आणि माझ्या अंगात दोन स्वेटर होते.