ड्राइव्हला लागलेली हळद

“मॅडम, चार वाजता माणसं येणार,” गायकवाड काकांनी तिसऱ्यांदा सांगितलं. मी तिसऱ्यांदा “दहा मिनिटं” म्हटलं. तेव्हा दोन वाजले होते आणि मी सकाळी अकरापासून त्यांच्या अंबरनाथच्या हॉलमध्ये फतकल मारून बसले होते.

मी उल्हासनगरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर होते. वय त्रेचाळीस. गळ्यात मंगळसूत्राच्या शेजारी पेनड्राइव्ह लोंबकळत असे, मी इंजिनिअर आहे हे लोकांना कळावं म्हणून. आज नातीला तेव्हाचा फोटो दाखवला की ती लोळून हसते. मीही हसते.

काका रिटायर्ड फिटर. त्यांची मुलगी प्राजक्ता परदेशात सिनेमाच्या साउंडचं काम शिकली. तिच्या पहिल्या सिनेमाची ब्लू-रे डिस्क ती घेऊन आली होती. शेवटच्या पाट्यांमध्ये तिचं नाव होतं. ते बघायला गावाहून, चामटोलीहून, तिच्या आत्या, काका, चुलत भावंडं निघाली होती, आणि दुसऱ्या दिवशी पोरीचं विमान. त्यासाठीच काकांनी आमच्याकडून कॉम्प्युटरला जोडायचा, यूएसबीवर चालणारा ब्लू-रे ड्राइव्ह घेतला होता. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्याच आकाराची डिस्क, पण अक्षर फार बारीक. डीव्हीडी लाल लेझरने वाचतात, ही निळ्या.

डिस्क घातली की ड्राइव्ह घरघरायचा, आणि स्क्रीनवर यायचं: डिस्क टाका.

“एचडीसीपीचा प्रॉब्लेम आहे,” मी जाहीर केलं. सिनेमाची चोरी होऊ नये म्हणून कॉम्प्युटर आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवतात, तो प्रकार. हा शब्द मी नुकताच शिकले होते आणि तो कुठेतरी वापरायची मला फार घाई होती. केबल बदलली. ड्राइव्ह चालवणारं ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. प्लेअर अपडेट केला.

“मॅडम,” काका म्हणाले, “ते ‘डिस्क टाका’ म्हणतंय. म्हणजे त्याला डिस्क दिसतच नाय. टीव्हीचा काय संबंध?”

“काका, हे सॉफ्टवेअर आहे. तुमच्या लेथ मशिनसारखं नसतं.”

हे मी चाळीस वर्षं मशिन दुरुस्त केलेल्या माणसाला सांगितलं. आता आठवलं तरी कान गरम होतात.

त्यात डीव्हीडी छान चालत होती, म्हणून लेन्सवर मी संशयच घेतला नाही. तीन वाजता माझे सगळे मोठे शब्द संपले. मग नाइलाजाने ट्रे उघडून टॉर्च मारला. अशा पातळ ड्राइव्हची लेन्स ट्रेवरच असते, उघडी. तिच्यावर पिवळट धूर बसल्यासारखं दिसलं. कान साफ करायच्या काडीवर स्पिरिट घेऊन हलकेच फिरवलं. काडी पिवळी झाली. वास घेतला. हळद!

पिवळी हळद निळा प्रकाश खाऊन टाकते, लाल आरपार जाऊ देते. म्हणून डीव्हीडी चालत होती आणि ब्लू-रे आंधळी.

“तुमच्यात कोणी पूजा केली का ह्याची?” मी जरा खालच्या पट्टीत विचारलं.

“आम्ही बौद्ध, मॅडम. मशिनला हळदकुंकू नाय लावत.”

काकांच्या बायको, मावशी, आतून म्हणाल्या, “आमची हळद गॅसजवळ असते. अन मी त्या डबड्याला हात पण नाय लावला, आधीच सांगते!”

तेवढ्यात आमच्या दुकानाच्या शेठचा फोन. हात स्पिरिटचे, म्हणून स्पीकरवर घेतला.

“क्या मॅडम, अभी तक नहीं चला? दशहरे को सबसे पहले उसी की पूजा की थी ना तुमने? डब्बा खोल के?”

आधी मावशींचं हसू फुटलं, प्राजक्ताचं, आणि शेवटी काकांचं. काय करणार, मीही हसले. दुकानातली नवी वस्तू म्हणून मी कौतुकाने ट्रेच्या कडेला हळदीचं बोट टेकवलं होतं. लेन्सला नाही हं, तेवढी अक्कल होती! डिस्क गरागरा फिरल्यावर ती पूड कुठे उडेल, एवढी मात्र नव्हती.

आणखी दोन काड्या फिरवल्या. चारला पाच कमी असताना सिनेमा लागला. शेवटच्या पाट्या धावू लागल्या तेव्हा काका माउसवर बोट ठेवून उभेच होते. प्राजक्ताचं नाव आलं आणि त्यांनी चित्र तिथेच थांबवलं. चामटोलीच्या आत्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी जाऊन टीव्हीच्या काचेवर त्या नावावरून बोट फिरवलं.

निघताना सर्व्हिस रिपोर्ट भरला. ‘बिघाडाचं कारण’ या रकान्यात मी लिहिलं, धूळ. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि सही करण्याआधी पुढे लिहिलं: रंग पिवळा, पुरवठा दुकानाकडून.

शेठने तो कागद वर्षभर काउंटरच्या काचेखाली ठेवला होता. तेव्हापासून मी दसऱ्याला मशिनला फूल वाहते, तेही बंद खोक्याला. आणि गिऱ्हाइकाकडे गेले की पहिला संशय स्वतःवर घेते. निदान चार तास वाचतात.