रेहानाचे लेट मार्क

रेहानाने अंगठा टेकवला आणि मशीनवर पुन्हा 'लेट' उमटलं.

"काका, ओहोटी होती. होडी चिखलात बसली," ती म्हणाली.

"मशीनला ओहोटी कळत नाही," मी म्हटलं.

बँकेतून रिटायर होऊन मी रत्नागिरीतल्या या संस्थेत ॲडमिन बघत होतो. संस्थेचं सूत्र समन्याय. म्हणजे सगळ्यांना सारखंच द्यायचं असं नाही. ज्याची अडचण मोठी, त्याला सोय जास्त. गावोगावच्या बायकांना आम्ही हे पटवून देत असू. दोन खोल्यांतली संस्था बघता बघता शेजारच्या तालुक्यांत पसरली, माणसं वाढली, तेव्हा हजेरीचं मशीन मीच आणवलं. तीन लेट मार्क झाले की अर्धी रजा कापायची.

रेहाना खाडीपलीकडून होडीने यायची. भरतीची वेळ रोज पुढे सरकते, तशी होडीचीही. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं. हजेरी पाहता कायम करू नये, असा शेरा मी लिहूनही ठेवला होता.

पुण्याहून नुकतीच आलेली आमची एचआर शुभदा त्यावरून भांडायला आली. मी म्हटलं, एकीला सूट दिली की उद्या सगळेच होडीचं कारण सांगतील.

"मग सगळ्यांना खाडीपलीकडे राहायला पाठवा, काका."

आणि ती स्वतःच गेली. रेहानाकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात आल्या त्या गुडघ्यापर्यंत चिखलात. शुभदाची एक चप्पल खाडीने ठेवून घेतलेली. तिने अंगठा टेकवला. 'लेट'.

"आता माझाही शेरा लिहा," म्हणाली आणि पाय धुवायला गेली. आमच्या संचालक ताई दारात उभ्या राहून हसत होत्या. त्या हसण्यापुढे माझं काही चाललं नाही.

रेहाना कायम झाली. खाडीपलीकडच्यांनी भरती बघून यावं, तास मात्र पूर्ण भरावेत, असं सर्क्युलर निघालं. मजकूर शुभदाचा, सही ॲडमिनची, म्हणजे माझी. पुढे शुभदा नोकरी सोडून गेली. ती एचआर, म्हणून मशीन तिनेच आणलं, असा नंतर आलेल्या सगळ्यांचा समज होता. मी तो मोडला नाही. आता नव्या लोकांच्या ट्रेनिंगमध्ये 'काकांचा भरतीचा नियम' शिकवतात, माझ्या फोटोसकट.

रेहाना आता तालुक्याचं काम बघते. परवा तिला फोन करून सगळं सांगितलं: मशीन माझं, नियम शुभदाचा.

"मला ठाऊकच होतं की, काका. मॅडम माझ्याच घरी राहिल्या होत्या ना."

"मग कायम झाल्यावर कालवांचा डबा मला का दिलास?"

"मॅडम शाकाहारी. आणलेला डबा परत कोण नेणार?"

एवढ्या नोकरीत एक शिकलो. सही कोणाची ते कागद सांगतो, डोकं कोणाचं ते सांगत नाही. ऑफिसला तसं कळवलं आहे: नियमाला शुभदाचं नाव लावा आणि माझा फोटो मशीनशेजारी.